डक्टमधला जयराम

चैताली दोंदे कुठल्याही नव्या इमारतीत शिरली की आधी संडास कुठे आहे ते विचारायची. लोकांचा भलताच समज व्हायचा. ती आत जायची, कमोडच्या मागच्या भिंतीवर टकटक करायची, मग बाहेर येऊन पॅसेजमधलं डक्टचं बुटकं दार शोधायची, पर्समधून वडिलांचा जुना टेप काढून आत सोडायची आणि म्हणायची, "अठरा इंच." बस्स. त्या इमारतीबद्दलचं तिचं मत तिथेच पक्कं व्हायचं. मग लॉबीत झुंबर लटको नाहीतर संगमरवर चमको, तिला काडीचंही कौतुक नसायचं.

हे मी जवळून बघितलेलं आहे, कारण कॉलेज रोडच्या एका ऑफिसात सहा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं मनात आलं तेव्हा कौतुकानेच आलं होतं. लिहायला बसलो आणि तोंड कडू झालं. तो कडवटपणा तिचा नाही. तो आमचा आहे, आमच्या धंद्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

आधी धंदा सांगतो. खरी इमारत उभी राहायच्या आधी आम्ही ती कॉम्प्युटरमध्ये उभी करतो. बीम, स्लॅब, दारं, पाइप, दिव्यांची बटणं, सगळं मापात. मग सॉफ्टवेअरला सांगायचं, बघ रे बाबा, कुठे दोन वस्तू एकाच जागी आल्यात का. पाइप बीमच्या पोटातून जात असेल तर ती जागा लाल होते. त्याला आम्ही क्लॅश म्हणतो. लाल जागांचा आकडा कमी करत करत शून्यावर आणायचा, की मालक खूश, कंत्राटदार खूश आणि आम्ही घरी जायला मोकळे.

यात वाईट काही नाही. वाईट आहे ते या सॉफ्टवेअरच्या परिषदांमध्ये. आमचे मालक राकेश सर, यांचा परिषदांवर भारी जीव. वर्षाला चार तरी व्हायच्या. पुणे, मुंबई, कधी हैदराबाद आणि एक घरची, नाशिकला, हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात. मला त्यांचा इतका वीट आलाय की गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवलेला माणूस लांबून दिसला तरी मी रस्ता बदलतो. समई एसीच्या वाऱ्याने पेटत नाही, मग हॉटेलातला कोणीतरी गॅसचा लायटर आणून देतो आणि पाहुणे हसत हसत वात पेटवतात. मग ड्रोनने काढलेला व्हिडिओ. त्यात काचेच्या इमारती, हिरवी झाडं, आणि माणूस एकही नाही. मग सॉफ्टवेअर कंपनीचा एक गुळगुळीत गडी स्टेजवर धावत येतो आणि "नमस्कार नाशिक!" असं ओरडतो, जणू आम्ही त्याचं गाणं ऐकायला जमलोय. बाहेर स्टॉलवर एक चक्र असतं. ते फिरवायचं आणि आकडा लागला तर पॉवर बँक मिळते. त्या पॉवर बँकेसाठी साठीचे इंजिनिअर एकमेकांना कोपराने ढकलतात. पन्नास-पन्नास पूल बांधलेले लोक! बघून शिसारी येते.

चैताली पहिल्यांदा अशा परिषदेला आली तेव्हा दिवसभर वहीत रेघा मारत बसली होती. मला वाटलं नोट्स काढतेय. संध्याकाळी वही दाखवली. स्टेजवरून कोणी 'ह्यूमन सेंट्रिक' म्हणालं की ती एक रेघ मारत होती. एकतीस रेघा होत्या.

"रवीदादा," ती म्हणाली, "एकतीस वेळा माणूस माणूस केलं यांनी. मग एकाच्याही चित्रात माणूस का नव्हता?"

"माणसं टाकली की फाइल जड होते," मी म्हणालो. हे खरंच आहे. आम्ही माणसं काढूनच टाकतो.

ती हसली नाही. परिषदेतलं जेवणही जेवली नाही. डबा आणला होता, तो तिने हॉटेलच्या जिन्यात बसून खाल्ला. फुकट मिळालेली तागाची पिशवी मात्र न विसरता घरी नेली, कारण तिच्या आईला, सुलाबाईंना, त्या पिशव्या फार आवडायच्या. 'बांधकामाचं भविष्य' असं इंग्रजीत छापलेल्या पिशवीतून त्या नाशिकरोडच्या बाजारातून मेथी आणि कांदे आणायच्या. एवढा सदुपयोग त्या भविष्याचा दुसऱ्या कोणी केला नसेल.

आता तिच्या वडिलांबद्दल. जयरामकाका मूळचे पाइप फिटर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडे होते. ते काम सुटल्यावर शहरात प्लंबिंग करू लागले. अंगाने रुंद, आवाजाने हळू. चैताली नववीत असताना ते एका सोसायटीच्या डक्टमध्ये अडकले. डक्ट म्हणजे संडास-बाथरूमच्या मागची पोकळी. सगळे पाइप तिथून वरून खाली जातात. कुठे गळलं तर प्लंबरने त्या पोकळीत शिरून दुरुस्त करायचं, असा तो बेत. पण पोकळी भाड्याने देता येत नाही, विकता येत नाही, म्हणून बिल्डर ती जेवढी चेपता येईल तेवढी चेपतो. तिथली पोकळी अठरा इंचांची, आणि त्यातही पाच इंच पाइपांचे. काका आडवे सरकत सरकत तिसऱ्या मजल्याच्या फुटलेल्या एल्बोपर्यंत, म्हणजे पाइपाच्या वळणापर्यंत पोचले, पाय निसटला आणि एक हात वर, एक हात खाली अशा अवस्थेत भिंतीला चिकटून राहिले. आणि चौथ्या मजल्यावर कोणीतरी फ्लश केला.

सगळी इमारत खाली जमली. चेअरमनला सांगितलं की बाथरूमच्या बाजूने भिंत फोडावी लागेल. तो म्हणाला, "टाइल्स इम्पोर्टेड आहेत. जरा दम धरा, सुटतील आपोआप." अडीच तास दम धरला. त्या अडीच तासांत इमारतीतल्या लोकांनी आपापले संडास वापरायचं थांबवलं नाही. घरून बोलावलेली चैताली बाथरूमच्या जाळीपाशी उभी राहून वडिलांशी बोलत होती आणि काका आतून तिला विचारत होते, "परीक्षा कधी हाय गं तुझी?" शेवटी अग्निशमनवाले आले आणि कोणाला न विचारता त्यांनी टाइल्स फोडल्या. काका बाहेर आले तेव्हा दोन्ही खांद्यांची सालं निघाली होती. चेअरमनने नाकाला रुमाल लावून त्यांना सांगितलं, लिफ्टने जाऊ नका, जिन्याने जा.

हे तिने मला एकदाच सांगितलं, चहा पिता पिता. नंतर कधी विषय काढला नाही. दहावीनंतर डिप्लोमा केला, ड्रॉइंग शिकली, आमच्याकडे लागली, आणि सहाव्या वर्षी तिने जयराम बनवला.

कल्पना इतकी साधी होती की आम्हाला कोणालाच कशी सुचली नाही याची लाज वाटावी. सॉफ्टवेअर पाइप बघतं, भिंत बघतं. दोघं एकमेकांना लागत नाहीत ना, मग झालं. तिथे शिरणारा माणूस त्याच्या हिशोबातच नाही. म्हणून चैतालीने माणूसच मॉडेलमध्ये घातला. वडिलांना घरी भिंतीला टेकवून उभं केलं, हातात पाइपपाना दिला, तो फिरवायला लावला आणि टेपने माप घेतलं. खांदे साडेअठरा इंच. पाना फिरवताना कोपरासकट अठ्ठावीस इंच. त्या मापाची एक आकृती बनवली, तिला नाव दिलं जयराम आणि प्रत्येक मजल्याच्या प्रत्येक डक्टमध्ये एकेक जयराम उभा केला. आता डक्ट अरुंद असली की जयराम भिंतीला लागायचा आणि सॉफ्टवेअर लाल व्हायचं.

"बापाचं नाव असं एकेरीत घेतात का?" मी चिडवलं होतं.

"मॉडेलमध्ये सगळे एकेरीतच असतात, रवीदादा. बीमला कुठे आपण बीमसाहेब म्हणतो?"

त्याच सुमारास आमच्याकडे द्वारका चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलचं काम आलं. नाव सांगत नाही. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर एकोणीस डक्ट. चैतालीने जयराम उभे केले आणि तपासणी चालवली. एकशे चौदा क्लॅश. एकूण एक जयराम अडकला होता.

ती राकेश सरांकडे गेली. सरांना एकशे चौदाचं काही वाटलं नाही, पण गोष्ट ऐकून डोळे चमकले. वडील, डक्ट, मुलगी! "यात इमोशन आहे," ते म्हणाले. "हे नाशिकच्या परिषदेत तू प्रेझेंट करायचं. वडिलांना घेऊन ये. पहिल्या रांगेत बसवू." एखाद्याच्या अंगावर पडलेल्या घाणीतून याला आपली जाहिरात दिसली. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण मी मान डोलावली. आमच्या ऑफिसात मान डोलावण्यात माझा हात कोणी धरला नसता.

चैताली मात्र खरोखर कामाला लागली. तिला स्टेजचं काही पडलं नव्हतं. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर त्या परिषदेला प्रमुख पाहुणे होते. परिषद शनिवारी, आणि हॉस्पिटलची ड्रॉइंग सोमवारी साइटवर जाणार होती. एकदा गेली की भिंती उभ्या राहणार, मग काही बदलत नाही.

"डॉक्टरांनी डोळ्यांनी बघू देत," ती मला म्हणाली. "एकशे चौदा लाल माणसं. चारशे लोकांसमोर. मग ते नाही कसं म्हणतील? दहा-दहा इंच तर वाढवायचेत."

दहा इंच! तिला ते थोडे वाटत होते. डॉक्टरांना मात्र दहा इंच म्हणजे प्रत्येक खोलीतून दहा इंच कमी, खोल्या कमी, खाटा कमी. गुरुवारी, ही बातमी कानावर जाताच, त्यांच्या ऑफिसातून राकेश सरांना फोन आला की डक्ट आहेत तेवढ्याच ठेवा. शुक्रवारी दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सॉफ्टवेअर कंपनीने त्या परिषदेत 'शून्य क्लॅश' नावाचा पुरस्कार ठेवला होता आणि तो आपल्यालाच मिळणार असं ठरल्यात जमा होतं.

"रवी, उद्या स्टेजवर आकडा शून्य दिसला पाहिजे," सर म्हणाले.

"डक्ट रुंद करायच्या?"

"डक्टला हात लावायचा नाही."

"मग जयराम काढून टाकू?"

"काढला तर ती दाखवणार काय? तो राहू दे. शून्यही दिसू दे. तू सीनियर आहेस, बघ काहीतरी." आणि मग जाता जाता, "पुढच्या वर्षीपासून प्रेझेंटेशन तूच करायचं, बरं का."

चैताली त्या दिवशी सुट्टीवर होती. वडिलांना परिषदेसाठी शर्ट घ्यायला मेन रोडला गेली होती. मी तिची फाइल उघडली. या सॉफ्टवेअरचा एक मोठा गुण आहे, स्टेजवरून नेहमी सांगतात: एका जागी बदल केला की सगळीकडे आपोआप होतो. मी जयरामवर क्लिक केलं. रुंदी : २८. मी अठ्ठावीस खोडून चौदा टाकलं. सहाच्या सहा मजल्यांवर, एकशे चौदाच्या एकशे चौदा डक्टमध्ये तो माणूस निम्मा झाला. अर्धं मिनिटही लागलं नाही. लाल विझलं. आकडा शून्य.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. चित्रच तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि आत कुठेतरी तिचा हेवाही होता. इतक्या वर्षांत मला एकदाही कोणी स्टेजवर चढवलं नव्हतं. ही काल आलेली पोर, हिच्या बापाला म्हणे पहिली रांग! आता ते आठवलं की स्वतःची किळस येते. पण तेव्हा मी फाइल बंद करून चहा प्यायला गेलो आणि बिस्किटं दोन जास्त खाल्ली.

शनिवारी समई नेहमीसारखीच पेटत नव्हती. जयरामकाका नव्या आकाशी शर्टात आले होते. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. गळ्यात 'गेस्ट' लिहिलेली पट्टी, शेजारी सुलाबाई. पहिल्या रांगेत पाहुणे वाढले म्हणून त्यांना तिसऱ्या रांगेत सरकवलं होतं. मी त्यांच्या मागेच होतो.

चैताली स्टेजवर आली आणि मराठीत बोलायला लागली. इंग्रजीत बोल असं तिला चारदा सांगितलं होतं. तिने ती अडीच तासांची गोष्ट सांगितली, एकही शब्द न चढवता. परीक्षेचा प्रश्नही सांगितला. मागे प्लेटा मांडणारे वेटरसुद्धा हात थांबवून ऐकत होते. ती "जयराम" म्हणाली की सुलाबाई दरवेळी पदर तोंडाला लावून हसायच्या. उभ्या जन्मात ज्या नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, ते माइकवरून चारशे लोकांत घुमत होतं.

"आता बघू, हॉस्पिटलच्या डक्टमध्ये जयराम किती ठिकाणी अडकतो," ती म्हणाली आणि तिने तपासणी चालू केली. पडद्यावर चक्र फिरलं. तिची नजर डॉक्टरांवर होती. पडद्याकडे ती बघतच नव्हती, इतकी तिला खात्री होती.

तपासणी पूर्ण. क्लॅश : शून्य.

टाळ्या पडल्या. सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या गुळगुळीत गड्याने सुरुवात केली, मग सगळ्या हॉलने. त्यांना वाटलं गोष्टीचा शेवट हाच. बाप अडकला, मुलगी शिकली, आणि शून्य झालं. किती छान! राकेश सर उभं राहून वाजवत होते. सुलाबाईंनीही बघून बघून वाजवल्या. मीही वाजवल्या.

चैतालीने मागे वळून पडदा बघितला. पुन्हा तपासणी चालवली. पुन्हा शून्य, पुन्हा टाळ्या, पहिल्याहून जोरात. मग तिने तिसऱ्या मजल्यावरची एक डक्ट जवळ घेतली, आणखी जवळ घेतली, आणि तो दिसला. दारात चेमटल्यासारखा. डोकं लांबुडकं, खांदे नाहीतच, हातातला पाना सुईएवढा.

तिसऱ्या रांगेतून जयरामकाका उठले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"चैतू," ते म्हणाले, हळूच, पण हॉल गप्प झाला होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "हा मी नाय."

लोक हसले.

"हा कोण घातला माझ्या जागी? याला तर पानाही उचलणार नाय."

आणखी हसले. डॉक्टर तर खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसले. सगळ्यांना वाटलं आधीच बसवलेला विनोद आहे.

चैतालीने त्या आकृतीवर क्लिक केलं. बाजूला माहितीची पट्टी उघडली. रुंदी : १४. आणि त्याखाली, कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरात, ते सॉफ्टवेअर नेहमी नोंदवतं ती ओळ. शेवटचा बदल : रवी.

हॉलमधल्या कोणालाही ती वाचता आली नसेल. मला ती कुठे असते ते माहीत होतं. चैतालीने ती वाचली, आणि मग तिसऱ्या रांगेच्या मागे, बरोबर माझ्याकडे बघितलं. मी टाळ्यांसाठी वर घेतलेले हात खाली घेतले आणि मोबाइल काढला.

तिने नाव घेतलं नाही. तिच्या जागी मी असतो तर घेतलं असतं. ती माइकमध्ये म्हणाली, "माप चुकलंय. माणूस अठ्ठावीस इंचाचा आहे. एकशे चौदा ठिकाणी तो..." तेवढ्यात अध्यक्षांनी घंटी वाजवली. वेळ संपला होता. राकेश सर दोन ढांगांत स्टेजवर गेले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्या टीमने शेवटच्या क्षणापर्यंत खपून हा आकडा शून्यावर आणलाय!" लगेच पुरस्कार, लगेच पुष्पगुच्छ, लगेच फोटो. काकांनाही ओढून वर नेलं, मलाही. तो फोटो अजून आमच्या ऑफिसात लावलेला आहे. त्यात मी आणि जयरामकाका खांद्याला खांदा लावून उभे आहोत. त्यांचा खांदा मला ढकलतोय, एवढा तो रुंद आहे.

जेवणाच्या वेळी चैताली डॉक्टरांना गाठायला गेली. ते गुलाबजामच्या टेबलापाशी होते. मी लांबून ऐकलं.

"सर, ते शून्य खरं नाही. दहा इंच वाढवावेच लागतील."

"बेटा, रिपोर्ट शून्य आहे ना?" डॉक्टर पाक चाटत म्हणाले. "मग झालं तर. आणि तुझी स्टोरी फार टचिंग होती, हां."

ती परत आली तेव्हा काका उठलेच होते. "चल," ते सुलाबाईंना म्हणाले. तिघंही न जेवता गेले. खुर्चीवर तागाची पिशवी राहिली होती. सुलाबाईंनी पिशवी मागे सोडली, असं पहिल्यांदाच झालं असेल.

सोमवारी ड्रॉइंग साइटवर गेली. अठरा इंच. चैतालीने त्याच दिवशी राजीनामा दिला. राकेश सरांनी फारसं थांबवलं नाही. निघताना ती माझ्या टेबलापाशी आली. मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, पण टेबलावरची फाइल चाळत बसलो.

"सर," ती म्हणाली, "माझ्या फाइलींचे पासवर्ड त्या कागदावर लिहून ठेवलेत."

सर! सहा वर्षांचा रवीदादा एका शब्दात संपला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हल्ली ती उपनगरातल्या आपल्या घरातल्याच एका खोलीत प्लंबिंगची ड्रॉइंग करून देते, छोट्या बिल्डरांना. काम घेताना एकच अट घालते, जयराम बसला पाहिजे. काही बिल्डर निघून जातात, काही राहतात. परिषदांना जात नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, तिने कळवलं की वेळ नाही. आणि जयराम नावाची ती आकृती आमच्या ऑफिसच्या संग्रहात अजून आहे, चौदा इंची. नव्या पोरांना तेच माणसाचं माप वाटतं. त्यांनी ती आणखी पाच इमारतींमध्ये वापरली. मी काही बोललो नाही.

आता शेवटचं सांगतो, ते यंदाचं. हॉस्पिटल चालू होऊन वर्ष झालं. नाशिकच्या परिषदेत यंदाही प्रेझेंटेशन माझंच होतं, ठरल्याप्रमाणे. विषय, 'शून्य क्लॅश हॉस्पिटल : एक आदर्श'. सकाळी हॉटेलात बोललो. ह्यूमन सेंट्रिक मीही म्हणालो, चार वेळा. चारला पाहुण्यांची बस हॉस्पिटल बघायला येणार होती, म्हणून मी तीनलाच पुढे जाऊन थांबलो.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि वास आला. पॅसेजच्या छताला पिवळा डाग पडला होता, त्यातून थेंब थेंब गळत होतं, खाली बादली ठेवली होती. बादलीपलीकडच्या बाकावर पेशंटचे नातेवाईक नाकाला ओढणी, रुमाल लावून डबे खात होते. 

"आठ दिवस झाले, साहेब," मेंटेनन्सवाला म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर संडासाच्या लाइनचा एल्बो फुटलाय. तीन प्लंबर आले, डक्टचं दार उघडून बघितलं आणि गेले. आत माणूसच जात नाही. भिंत फोडायची तर खोल्या रिकाम्या कराव्या लागतील, त्याला डॉक्टर नाही म्हणतात."

मी राकेश सरांना फोन केला. ते म्हणाले, बस निघालीय, काहीही कर. आणि मग, "त्या चैतालीच्या वडिलांना बोलाव ना. त्यांना सवय आहे."

त्यांना सवय आहे! हे ऐकूनही मी फोन लावला. इतका निर्लज्ज मी आहे.

"काका, रवी बोलतोय. चैतालीच्या ऑफिसातला."

"हां. बोल."

मी सगळं सांगितलं. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"डक्ट किती इंची हाय?"

"अठरा."

"मग मला कशाला बोलावतो, रवीभाऊ? तुमचा तो चौदा इंची माणूस हाय ना. त्याला पाठव."

आवाजात राग नव्हता. वायसर कुठल्या दुकानात मिळेल ते सांगावं तसं सांगितलं. मग नळ पुन्हा चालू झाला आणि फोन बंद.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि डक्टचं बुटकं दार उघडलं. गळ्यातली 'वक्ता' लिहिलेली पट्टी काढून खिशात टाकली, बाही वर केली आणि खांदा आत घातला. गेला नाही. तिरपा केला, श्वास सोडून बारीक झालो, तरी गेला नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश केला. मी तोंड फिरवेपर्यंत ते मानेवरून शर्टाच्या आत गेलं होतं. खाली बस येऊन थांबली होती आणि राकेश सर माझं नाव घेऊन हाका मारत होते.